झगा उरला, चेहरा पुसला

कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये सकाळच्या उन्हात जावं. पूर्वेची मोठी खिडकी तेव्हा पेटलेली असते. या चर्चच्या पूर्व-पश्चिमेच्या खिडक्या विल्यम वेल्सच्या. न्यूकॅसलचा हा गृहस्थ आधी किराणा आणि चहा विकायचा. १८३८ मध्ये त्याने रंगीत काचकामाचा धंदा काढला. इंग्लंडभर तेव्हा नवी चर्चं उठत होती, त्यामुळे अशा कारखान्यांना कामाची ददात नव्हती.

या खिडक्यांत रंग दोन जागी असतो, आणि सगळी गोष्ट त्या फरकात आहे. चित्रातल्या संताच्या झग्याचा निळा रंग काचेच्या रसातच मिसळलेल्या कोबाल्टचा. तांब्याने येणारा लाल तर इतका गडद, की पूर्ण जाडीची काच काळीच दिसेल. म्हणून बिनरंगी काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवतात. पिवळ्याची करामत मला सर्वांत आवडते. चांदीच्या क्षाराचा लेप देऊन काच भाजली, की चांदीचे आयन काचेतल्या सोडियम-पोटॅशियमच्या जागी शिरतात. त्यांचे अतिसूक्ष्म कण बनतात, ते निळा प्रकाश शोषतात आणि काच सोनेरी दिसते. चांदीतून सोनं!

डोळे, ओठ, बोटं मात्र काचेच्या पृष्ठभागावर रंगवलेली असतात. लोखंडाच्या ऑक्साइडची आणि काचेची पूड कालवून कुंचल्याने रेघा काढायच्या, मग भट्टीत भाजायचं. काचपूड वितळते आणि रेघ काचेला धरून बसते. मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे डाखाने जोडायचे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही कारखान्यांनी या रंगात टाकणखार घातला. आपले सोनार डाख देताना वापरतात तोच. त्यामुळे रंग कमी उष्णतेत वितळू लागला, काम सोपं झालं. पण असा रंग ओलाव्यापुढे टिकत नाही. थंडीत खिडकीच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि वर्षानुवर्षं रेघा थोड्या थोड्या धुऊन नेतं. इंग्लंडमधल्या कित्येक चर्चांत म्हणूनच संतांचे झगे लखलखीत आहेत, चेहरे मात्र कोरे.

ते चेहरे पुन्हा रंगवून भाजायचे, तर जुनी काच तडकण्याची भीती. म्हणून जाणते कारागीर मूळ काचेला हात लावत नाहीत. पातळ, स्वच्छ काचेवर हरवलेल्या रेघा काढून ती मागे बसवतात. उजेड दोन्ही काचांतून येतो आणि डोळे पुन्हा दिसू लागतात.