शारीरिक सावरणक्षमता (वृद्ध रुग्णांमधील मापन)

आजारपण, शस्त्रक्रिया किंवा पडल्यामुळे झालेली दुखापत यांचा तडाखा बसल्यावर पुन्हा पहिल्यासारखे हिंडतेफिरते होण्याची शरीराची कुवत म्हणजे शारीरिक सावरणक्षमता. तिला ‘लवचिकता’ म्हटले की वाचकाला वाकणे-ताणणे आठवते, म्हणून येथे तो शब्द टाळला आहे. म्हातारे माणूस दवाखान्यातून येऊन उभारी धरते की अंथरूण धरते, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो; मापन त्याचेच आहे.

जराजन्य दुर्बलता, म्हणजे म्हातारपणामुळे येणारा अशक्तपणा, ही वेगळी संकल्पना. अमेरिकेतील वृद्धवैद्यक-तज्ज्ञ लिंडा फ्राइड व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिचे पाच निकष मांडले : नकळत घटलेले वजन, थकवा, सैल पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. त्यांतून शरीरात ताकद किती शिल्लक आहे, हे कळते. तडाख्यानंतर शरीर कसे वागेल, हे मात्र एका तपासणीत दिसत नाही. त्यासाठी दिवसरात्र नोंद हवी आणि ती अंगावरचे संवेदक करतात. मांडीवर चिकटवलेला त्वरणमापक, म्हणजे हालचाल मोजणारे छोटे उपकरण, उभे राहणे व चालणे टिपतो, तर मनगटावरचा पट्टा त्वचेत प्रकाश सोडून नाडी मोजतो. अमेरिकेत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशाच नोंदींतून ४५ वृद्ध रुग्ण रुग्णालयातला ८३ टक्के वेळ पडूनच असल्याचे आढळले. चालता येत असूनही माणूस खाटेवरच राहतो, पायांचे स्नायू झडतात आणि मूळ आजार बरा होऊनही चाल जाते.

नोंदींचा अर्थ लावताना सरासरीपेक्षा चढउतार बोलके ठरतात. खाटेवरून उठल्यावर वाढलेली नाडी किती वेळात खाली येते? कालची पावले आजच्या पावलांशी किती जुळतात? कोलमडण्याच्या बेतात असलेली कोणतीही व्यवस्था छोट्या धक्क्यातूनही हळूहळू सावरते, हे तत्त्व पर्यावरणशास्त्रातून वृद्धवैद्यकात आले. मात्र रुग्णालयातला मुक्काम थोड्या दिवसांचा, त्यामुळे नोंदींची मालिका तोकडी पडते. नाडी मंदावणारी औषधे आणि हृदयाचे अनियमित ठोकेही आकडे बिघडवतात.

खानदेशात धुळे, जळगाव व नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील वॉर्डांत हे मापन करायचे तर काही गोष्टी मुळापासून तपासाव्या लागतील. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उकाड्याने वाढलेली नाडी आजाराच्या खाती पडू नये. आयुष्यभर जमिनीवर मांडी घालून बसलेल्या आजीची मांडी आडवी असते आणि मांडीवरच्या एकट्या संवेदकाला ती झोपलेली वाटू शकते. काठी टेकत किंवा नातवाचा हात धरून पाय ओढत चालणाऱ्याची पावले मनगटी पट्टा कमी मोजतो. सातपुड्यातल्या पाड्यावर घरी गेल्यानंतरची नोंद हवी असेल, तर मोबाइलला रेंज मिळेपर्यंत ती उपकरणातच साठली पाहिजे.

सर्वांत मोठी उणीव आजारापूर्वीच्या नोंदीची. तडाखा बसण्याआधी रुग्णाच्या मनगटावर पट्टा नव्हता. त्यामुळे कुठवर परतायचे, ही रेघ यंत्राकडे नसते. ती खाटेशेजारी बसलेल्या सुनेकडे असते. बाबा दिवाळीपर्यंत केळीच्या बागेत एकटे जात होते की ओट्यापर्यंतच, हे तिला विचारून केसपेपरवर पहिल्याच दिवशी लिहिले पाहिजे. ती विचारपूस अहिराणीत, म्हणजे खानदेशच्या बोलीत, झाली, तर उत्तर अधिक नेमके मिळते. ‘बरं शे’ एवढ्यावर मात्र थांबू नये.