छोटा हत्ती घाट उतरतो तेव्हा

बेळगावच्या एपीएमसीतून कोबी, टोमॅटो, मिरची भरून गाड्या गोव्याकडे सुटतात. बऱ्याच जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने साखळीला उतरतात, काही शिनोळीवरून आंबोलीचा रस्ता धरतात. मोठ्या ट्रकांच्या मधूनमधून ‘छोटा हत्ती’ असतोच. टाटांनी २००५ साली बाजारात आणलेली ही छोटी मालवाहू गाडी, ‘टाटा एस’. बारा इंची चाकं आणि पाऊण टनाच्या आसपास माल. चढाला ती रडते, म्हणून ड्रायव्हरला धास्ती असते ती चढाची. पण हिशेब मांडला तर धोका उतारात जास्त आहे.

गाडी आणि माल मिळून १,६०० किलो धरू. पाचशे मीटर उंची उतरायची असेल, तर गुरुत्वाकर्षण या गाडीला सुमारे ७८ लाख ज्यूल ऊर्जा देतं. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सगळी ऊर्जा कुठंतरी जिरवावी लागते. थोडी टायरांत आणि वाऱ्याला कापण्यात जाते. बाकीची सगळी ब्रेकवर सोपवली तर तिची उष्णता होते. पूर्ण ७८ लाखांत आपल्या विहिरीचं साधारण पंचवीस लिटर पाणी उकळीला येईल. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरवरून गाडी एकदा थांबवली, तर ब्रेकला जेमतेम एक लाख ज्यूल पचवावे लागतात. म्हणजे घाट नुसत्या ब्रेकवर उतरणं आणि गावातल्या रस्त्यावर लागोपाठ सत्तर-ऐंशी वेळा गाडी थांबवणं, यात ब्रेकच्या दृष्टीने फारसा फरक नाही. पाऊण टनाच्या जागी दीड टन भरला तर उष्णता जवळपास दीडपट होते. ब्रेक मात्र तेवढेच राहतात.

तापलेला ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतो. लायनर, म्हणजे घासून चाक आवरणारा ब्रेकचा थर, एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड कमी होते, आणि मागच्या चाकांचा ड्रम प्रसरण पावून लायनरपासून लांब सरकतो. पेडल कितीही दाबलं तरी गाडी आवरत नाही. दुसरी तऱ्हा जास्त वाईट, कारण ती आधी कळत नाही. पेडलचा दाब चाकांपर्यंत नेणारं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ जातीचं कोरं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पायाचा सगळा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि पेडल थेट तळाला टेकतं. जिथं मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीचा पाऊस ज्यानं पाहिलाय, त्याला या भागातल्या ओलीबद्दल वेगळं सांगायला नको. तरी इंजिन ऑइल तारीख बघून बदलणारी माणसंसुद्धा ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं तसंच ठेवतात. ते साधारण दोन वर्षांनी बदलावं.

मग ऊर्जा जिरवायची कुठं? इंजिनात. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं, आणि तो गिअर उतार सुरू व्हायच्या आधीच टाकायचा. अॅक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंजिन त्यांना मागं ओढतं. ब्रेक मग अधूनमधून नीट दाबून वेग उतरवायला आणि सोडून द्यायला. त्यावर सतत पाय टेकवून ठेवला तर त्याला गार व्हायला उसंतच मिळत नाही.

“न्यूट्रलला सोडली की डिझेल वाचतं” हे स्टँडवर हमखास ऐकू येतं. ते खरं नाही. गिअरमध्ये अॅक्सिलरेटर सोडून उतरताना इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, त्यामुळे पंप डिझेल जवळजवळ तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायलाच डिझेल जळत राहतं. काहीजण तर इंजिनच बंद करतात. ब्रेकला जोर देणारा बूस्टर निर्वात पोकळीवर चालतो. इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांत ती संपते आणि पेडल दगडासारखं कडक होतं.

वळणांचं गणित वेगळं. इथं वजनाइतकीच त्याची उंचीही महत्त्वाची. दोन चाकांमधलं अंतर १.३ मीटर आणि गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरतात तो बिंदू) जमिनीपासून ०.८ मीटरवर असेल, तर २० मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी कागदावर ताशी ४५ किलोमीटरला उलटते. क्रेटवर क्रेट रचून गुरुत्वमध्य १.३ मीटरवर नेला, की हाच आकडा ३६ वर येतो. प्रत्यक्षात तो आणखी खाली असतो, कारण स्प्रिंग एका बाजूला दबते आणि माल सरकतो. म्हणून रताळ्याची पोती खाली, कोथिंबीर-मेथी वर, आणि दोर असा आवळलेला की क्रेट हलणार नाही. सौंदत्तीच्या जत्रेला हौद्यात माणसं उभी करून नेतात, तेव्हा हेच गणित सर्वांत वाईट होतं. माणसाचं वजन उंचावर असतं, आणि वळणावर सगळे एकदम एकाच बाजूला कलतात. मालवाहू गाडीतून माणसं नेणं बेकायदेशीर आहेच.

उतारात लायनर जळल्याचा वास आला तर रुंद जागा बघून थांबावं, गिअर टाकावा, चाकाला दगड लावावा आणि अर्धा तास जाऊ द्यावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. एकदम आकसून त्याला तडा जाऊ शकतो.