रत्नागिरीचा थिबा राजा आणि इगतपुरीची विपश्यना: थोडी पार्श्वभूमी

रत्नागिरीचा थिबा पॅलेस बऱ्याच जणांनी बघितलेला असतो. १८८५ ला इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला गादीवरून काढलं, पुढे इकडे रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६ ला तो इथेच वारला, इतपत आपल्याला माहीत असतं. पण राजाला काढल्यावर तिकडे ब्रह्मदेशात काय झालं हे फारसं कुणी सांगत नाही, आणि आज जे माइंडफुलनेस, म्हणजे मनात आलेली भावना त्याच क्षणी सजगपणे बघणं, सगळीकडे ऐकू येतं त्याचा बराचसा भाग तिथूनच आलाय.

तिकडे धर्म सांभाळायचं काम राजाचं. तोच गेला, आता बुद्धाची शिकवण टिकणार कशी ही लोकांची भीती खरी होती. तेव्हा लेडी सयाडो नावाच्या विद्वान भिक्खूंनी साध्या बर्मी भाषेत पुस्तकं लिहायला घेतली आणि संसारी माणसानेसुद्धा ध्यान करावं असं सांगायला लागले. माझ्या मते सगळ्यात मोठं वळण हेच, कारण त्याआधी हा अभ्यास बहुतेक विहारात आणि तोही मोजक्या भिक्खूंपुरता असायचा. त्यांचे शिष्य सया थेटजी शेतकरी होते, कॉलऱ्याच्या साथीत मुलगा-मुलगी दोन्ही गेले, त्यानंतर ते घराबाहेर पडले आणि पुढे ध्यान शिकवायला लागले. त्यांच्याकडे १९३७ ला शिकलेले सयाजी ऊ बा खिन तर सरकारी नोकरीत, पुढे स्वतंत्र ब्रह्मदेशचे अकाउंटंट जनरल झाले.

त्यांच्याकडे १९५५ ला एक मारवाडी व्यापारी आला, सत्यनारायण गोयंका, जन्म मंडालेचा. मायग्रेन इतका भयंकर की मॉर्फिन घ्यावं लागायचं, परदेशातले डॉक्टर करून झाले होते. सयाजींनी आधी सरळ नाही सांगितलं, फक्त डोकेदुखीसाठी यायचं असेल तर येऊ नका, मन स्वच्छ करायचं असेल तर या. गोयंकाजी त्यांच्याकडे १४ वर्षं शिकले आणि १९६९ मध्ये आई आजारी होती म्हणून भारतात आले, जुलैमध्ये मुंबईत विपश्यनेचं, म्हणजे याच ध्यानपद्धतीचं, पहिलं शिबिर घेतलं, आईवडीलही त्यात बसले होते. मग १९७६ पासून इगतपुरीला धम्मगिरी केंद्रात शिबिरं सुरू झाली.

आता मूळ मुद्दा, भावना बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं? सतिपट्ठान सुत्त या बुद्धाच्या ध्यानावरच्या उपदेशात बघायच्या चार गोष्टी आहेत, शरीर, वेदना, चित्त (मन) आणि धम्म (इथे मनात येणारे विषय). चित्ताच्या भागात अगदी साधं सांगितलंय, मनात द्वेष असेल तर द्वेष आहे हे जाणायचं, नसेल तर नाही हे जाणायचं. बास. ऐकायला सोपं पण राग आला की आपण राग बघत नाही, समोरचा काय बोलला तेच डोक्यात फिरवत बसतो. म्हणून या परंपरेत वेदनेवर भर आहे, वेदना म्हणजे नुसतं दुखणं नव्हे, शरीरावर जे जे जाणवतं ते सगळं. राग येतो तेव्हा श्वास बदलतो, छातीत गरम होतं, जबडा आवळला जातो, आणि हे त्याच क्षणी बघता येतं. दहा दिवसांच्या, मौन पाळायच्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा आणि चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत एकेक भाग, बरं वाटलं तरी धरून ठेवायचं नाही, खाज आली तरी वैतागायचं नाही.

बोधगयेतल्या गोयंकाजींच्या शिबिरांत तेव्हा बरीच अमेरिकन तरुण मंडळी बसायची. त्यांच्यातल्याच काहींनी परत जाऊन तिकडे केंद्र काढलं. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन या अमेरिकन संशोधकांनी मॅसॅच्युसेट्सच्या हॉस्पिटलमध्ये जुनाट दुखण्याच्या पेशंटसाठी माइंडफुलनेसचा कोर्स सुरू केला, त्यांच्यावर विपश्यनेइतकाच झेन या बौद्ध पंथाचाही प्रभाव होता, धर्माची भाषा मात्र बाजूला ठेवली. पुढे त्याच धर्तीवर वारंवार डिप्रेशन येणाऱ्यांसाठीही कोर्स तयार झाला, तो पेशंट त्यातल्या त्यात बरा असताना करायचा असतो, कारण उद्देश पुन्हा डिप्रेशन येऊ नये हा.

पेशंटसाठी बनवलेला कोर्स आणि विपश्यनेचं शिबिर यांतला फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. दहा दिवसांचं मौन म्हणजे उपचार नाही. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला आणि शिबिराच्या फॉर्ममध्ये तब्येतीचं विचारतात तिथे काही न लपवता सगळं लिहा.