नाटकाची फाईल लहान, चित्र मात्र तेच: हे कसे होते?

जत्रेतल्या नाटकाचे किंवा लग्नाचे चित्रीकरण घ्यायला आलेले ग्राहक पेनड्राइव्ह लावून बघतात आणि विचारतात, "तीन तासांचे नाटक आणि फाईल एवढीच? काही कापले नाही ना?" काही कापलेले नसते. फुल एचडीची एकच फ्रेम जशीच्या तशी ठेवली तर सुमारे ३१ लाख बाइट होतात. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर तीन तासांचे नाटक ८०० जीबीच्या वर जाते. ते तुमच्या पेनड्राइव्हमध्ये मावते ते कॉम्प्रेशनमुळे, म्हणजे फाईल दाबून लहान केल्यामुळे, आणि त्यात सगळी मेख आहे ती चित्राचे तुकडे कसे पाडायचे यात.

सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमच्या चौकटी पाडते. एकेक चौकट घेऊन ते आधी अंदाज बांधते: हा तुकडा दुसऱ्या एखाद्या फ्रेममध्ये कुठे होता, किंवा शेजारच्या तुकड्यांवरून इथे काय असेल. अंदाजात जो फरक राहील तेवढाच फाईलमध्ये लिहिला जातो. अंदाज नेमका लागला तर लिहायला जवळजवळ काही उरत नाही.

कुणगे आणि मेरा

शेत असलेल्यांना हे लगेच कळेल. सपाट मळ्यात कुणगे (शेताचे तुकडे) मोठे, उतारावर लहान. उतारावर मोठा कुणगा घातला तर पाणी एका बाजूला जमते. मळ्यात उगाच लहान कुणगे पाडले तर जमीन मेरांतच, म्हणजे बांधांतच जाते. व्हिडिओतही प्रत्येक काप कुठे घातला याची नोंद फाईलमध्ये करावी लागते, आणि ती नोंद म्हणजेच मेर. मागचा पडदा, निरभ्र आकाश, मंडपाची भिंत इथे एकच मोठी चौकट पुरते. नटाचे डोळे, शालूचा काठ, हलणारी बोटे इथे बारीक तुकडे हवेत.

२००३ साली आलेल्या एच.२६४ या कॉम्प्रेशनच्या पद्धतीत मूळ चौकट १६ बाय १६ ठिपक्यांची. ती आत ४ बाय ४ पर्यंत फोडता येते, पण १६ पेक्षा मोठी करता येत नाही. म्हणजे फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये ८१६० चौकटी, मग रंगमंचावर नुसता काळोख का असेना. (१०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून आत १०८८ ओळी धरतात आणि दाखवताना ८ गाळतात.) २०१३ च्या एच.२६५ मध्ये चौकट ६४ बाय ६४ पर्यंत वाढली आणि त्याच फ्रेमला ५१० पुरल्या. जिथे बारकावा असेल तिथे एका चौकटीचे चार, त्यातल्या एखाद्याचे पुन्हा चार, असे ८ बाय ८ पर्यंत उतरता येते.

तरीही मुख्य तुकडे चौरसच. २०२० च्या एच.२६६ ने तेही सोडले. मूळ चौकट १२८ बाय १२८ पर्यंत, आणि तिचे चार चौरस करा, आडवे किंवा उभे दोन भाग करा, नाहीतर तीन करा: कडेला पाव-पाव, मध्ये अर्धा. देवासमोरची समई डोळ्यांसमोर आणा. चौकटीच्या मधोमध ती उभी आहे. दोन भाग केले तर काप समईतूनच जातो. तीन केले तर समई अख्खी मधल्या पट्टीत राहते आणि दोन्ही कडांना नुसती भिंत उरते. वाऱ्यावर डुलणाऱ्या तिरक्या माडासाठी तिरका कापही आहे, तो ६४ प्रकारे घालता येतो. २०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ या दुसऱ्या पद्धतीतही चौकट फोडण्याच्या दहा तऱ्हा आहेत.

मग वेळ का लागतो?

कुठला काप स्वस्त पडेल हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. सॉफ्टवेअर एकेका चौकटीवर अनेक तोडी करून बघते, हिशोब मांडते आणि एक निवडते. 'फास्ट' सेटिंगवर ते थोड्याच तोडी बघून पुढे जाते. काही वर्षांपूर्वी पेडण्याकडच्या एका दशावताराची फाईल आम्ही घाईने तशी काढून दिली. संकासुराचा काळा वेष, मागे काळा पडदा, मंद उजेड. बाहीची कडा कुठे संपते तेच कळेना आणि पडद्यावर चौकटी सरकताना दिसत होत्या. मंडळाची माफी मागून फाईल नव्याने काढून दिली. तेव्हापासून नाटक रात्रभर 'स्लो'वर लावतो. म्हणून "उद्या द्या" म्हटले तरी आम्ही चार दिवस मागतो.

शिगमोत्सवातल्या रोमटामेळाची फाईल मोठीच होणार. उडता गुलाल आणि नाचणारी गर्दी यांचा अंदाज कुठल्याच चौकटीत नीट बांधता येत नाही.

आम्ही एच.२६५ ची फाईल देतो आणि सोबत एच.२६४ ची एक प्रत देतो, कारण जुन्या टीव्हीवर पहिली लागत नाही. एच.२६६ अजून देत नाही. ती वाजवणारी साधने घरोघरी आलेली नाहीत. यूट्यूबवर टाकायची असेल तर आधी सांगा, मोठी फाईल देऊ, कारण तिथे ती पुन्हा कॉम्प्रेस होते. मोबाईलवरून नातेवाइकांना पाठवताना व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ रेकॉर्डिंग आम्ही एक वर्ष जपून ठेवतो. पुन्हा प्रत हवी असेल तर त्याच्या आत सांगा.