बीएफएला जायचंय? आधी पणजोबांचा दाखला शोधा

स्मरणचित्राचा, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राचा, सराव बीएफएची मुलं दिवाळीपासून करतात. आठवडी बाजार, एसटी स्टँड, विहिरीवर पोहणारी पोरं असे विषय काढून काढून हात बसतो. मार्चपर्यंत माणसं काठीसारखी उभी राहायची थांबतात. एवढं करून जून-जुलैत मला जे फोन येतात, ते चित्राबद्दलचे नसतातच. "सर, माझं नाव ओपनमध्ये टाकलंय." "सर, यादीत नावच नाही." गेली काही वर्षं मी शिकवणीच्या मुलांचे अर्ज शेजारी बसून भरून घेतो. त्यामुळे कुठे घोडं पेंड खातं हे आता तोंडपाठ झालंय.

मूळ गोष्टी आधी उरकतो. बीएफए म्हणजे बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स, चित्र-शिल्प वगैरे कलांची चार वर्षांची पदवी. उपयोजित कला, रंगकला, शिल्पकला, टेक्स्टाइल, इंटिरियर, सिरॅमिक असे त्यात विषय आहेत. शाखा कुठलीही असो, बारावी उत्तीर्ण हवी. इंग्रजी विषय हवा आणि 45 टक्के हवेत. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय उमेदवारांना 40 टक्के पुरतात. राज्याची सीईटी द्यावी लागते. तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि बहुपर्यायी प्रश्नांचा सामान्य ज्ञानाचा पेपर असतो. शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड असली तरी सीईटी चुकत नाही, हे एकदा पालकांनी ऐकून ठेवावं. एटीडी (कलाशिक्षक पदविका), जीडी आर्टसारख्या पदविकांची वाट वेगळी आहे. मुंबईचं जेजे कला महाविद्यालय 2023 पासून अभिमत विद्यापीठ झालं आहे, म्हणून त्यांची माहितीपुस्तिका वेगळी वाचायची. पणजीच्या आल्तिनोवरचं गोवा कला महाविद्यालयही या प्रक्रियेत नाही. तिथला अर्ज तिथेच करायचा.

अर्ज एक नाही, दोन

सगळ्यात जास्त मुलं इथे गळतात. सीईटीचा अर्ज अलीकडे बारावीच्या परीक्षेआधीच, थंडीच्या दिवसांत भरावा लागतो. परीक्षा होते, निकाल लागतो, गुण चांगले पडतात. घरात पेढे वाटले जातात आणि सगळे वाट बघत बसतात की आता कॉलेजातून बोलावणं येईल. तसं बोलावणं कधीच येत नाही. निकालानंतर कॅपसाठी, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशासाठी, पुन्हा नोंदणी करावी लागते. त्याची फी वेगळी असते आणि कागदपत्रं तेव्हाच अपलोड करायची असतात. हा दुसरा अर्ज न भरलेला मुलगा गुणवत्ता यादीत नसतो, मग सीईटीत कितीही गुण असोत.

हे समजायला एवढं अवघड का व्हावं? सूचना इंग्रजीतल्या लांबलचक पीडीएफमध्ये असतात आणि पोरं मोबाइलवर पहिलं पान बघून सोडून देतात. त्यातून नेट कॅफेचा घोळ. गर्दीच्या वेळी कॅफेवाला पटापट फॉर्म भरायला स्वतःचाच मोबाइल नंबर नि ईमेल टाकतो. पुढचे सगळे ओटीपी आणि मेसेज त्याच्याकडे जातात. आमच्या एका मुलीच्या अर्जात त्रुटी निघाली होती. तिचा मेसेज कॅफेवाल्याच्या फोनमध्ये चार दिवस पडून होता, आणि तो गावी लग्नाला गेला होता. नंबर स्वतःचा किंवा आईवडिलांचा द्या. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. कॅप सुरू झाली की रोज संध्याकाळी एकदा लॉगिन उघडून बघा.

सहीबद्दलही सांगतो, कारण हे चित्रकलेच्याच मुलांचं दुखणं आहे. सही अपलोड करताना कलाकारी दाखवू नका. खाली दोन वेलांट्या, शेवटी पक्षी वगैरे काढलेली सही नंतर त्यांनाच जमत नाही. रोजची साधी सही करा.

व्हॅलिडिटी, म्हणजे खरी परीक्षा

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजेच व्हॅलिडिटी, हे दोन वेगळे कागद आहेत. पहिला प्रांत कार्यालयातून मिळतो, दुसरा जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून. अनुसूचित जमातींची समिती आणखी वेगळी. राखीव जागेवरच्या प्रवेशाला दोन्ही लागतात. विज्ञान शाखेत शिक्षक बारावीतच मुलांच्या मागे लागून व्हॅलिडिटीचे अर्ज भरून घेतात, कारण तिथे इंजिनिअरिंग-मेडिकल डोळ्यासमोर असतं. आर्ट्स-कॉमर्सच्या वर्गात बहुतेक ठिकाणी हा शब्दही कुणी काढत नाही. बीएफएला येणारी बरीच मुलं याच वर्गांतली. म्हणजे ज्यांना सांगायची गरज आहे, त्यांनाच कुणी सांगत नाही.

समिती काय मागते? तुमचं कुटुंब ठरावीक तारखेआधीपासून या राज्यात त्या जातीचं म्हणून नोंदलेलं आहे, याचा पुरावा. अनुसूचित जातींसाठी ती तारीख 10 ऑगस्ट 1950, जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967. वडिलांचा 1985 चा शाळेचा दाखला त्यामुळे एकट्याने पुरत नाही. आजोबांचा लागतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा, आजोबांची बहीण किंवा पणजोबा शोधायचे. मात्र सगळे वडिलांच्या बाजूचे हवेत. मामाच्या घरचा ढीगभर पुरावा इथे कामाला येत नाही.

एका मुलाबरोबर मी स्वतः त्यांच्या मूळ गावच्या शाळेत गेलो होतो. जुनं जनरल रजिस्टर कपाटाच्या वर, फडक्यात बांधलेलं. पानं हात लावला की कोपऱ्यातून सुटायची. त्यात आजोबांचं नाव सापडलं, जातही स्पष्ट होती, पण आडनाव नव्हतं. नुसतं नाव आणि बापाचं नाव. हे नेहमीचं आहे, घाबरायचं नाही. वंशावळीच्या शपथपत्रात ती व्यक्ती कोण हे लिहायचं आणि आडनाव नंतर कसं लागलं ते दाखवणारा मधला एखादा कागद जोडायचा. आमच्या कामी जुना सातबारा आला. शाळेत काहीच मिळालं नाही तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, मागायचं. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी जातीसह असतात. नोंद मोडीत असली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. वडील, सख्खा भाऊ, बहीण किंवा सख्खे काका यांच्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर काम बरंच हलकं होतं. म्हणून आधी घरात विचारा. एका घरात दोन महिने धावपळ झाल्यावर कळलं, की काकांचं प्रमाणपत्र नोकरीच्या फाइलमध्ये लावलेलं होतं!

अर्ज ऑनलाइन भरून, छापील प्रत आणि शपथपत्रांसह समितीत द्यायचा. शिकत असलेल्या मुलाला प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचा 15-ए हा नमुनाही लागतो. तो बारावीचं कॉलेज सुरू असतानाच घ्या. मे महिन्यात प्राचार्य सुट्टीवर आणि क्लार्क निवडणुकीच्या किंवा परीक्षेच्या कामावर असतो. "व्हॅलिडिटीच्या अर्जाची पावती जोडली की झालं, मुदत वाढवतातच" असं सांगणारे भरपूर भेटतील. मुदत कधी वाढते, कधी वाढत नाही, आणि वाढली तरी ती संपते. तेव्हा हातात प्रमाणपत्र नसलं की नाव ओपनमध्ये जातं. अकरावीत असाल तर आजच कामाला लागा.

तारखा उलट्या वाचल्या जातात

नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. तो ओबीसी, भटके-विमुक्त, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास वर्ग) यांना लागतो. अनुसूचित जाती-जमातींना तो लागत नाही. यात लोक दाखला कधी काढला ते बघतात. बघायचं असतं तो कधीपर्यंत चालतो ते. 2026-27 च्या प्रवेशाला तो 31 मार्च 2027 पर्यंत वैध हवा. सप्टेंबरमध्ये हौसेने काढून ठेवलेला दाखला 31 मार्च 2026 ला संपत असेल, तर तो जूनमध्ये रद्दी आहे. ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचंही असंच, चालू आर्थिक वर्षाचा हवा. म्हणून एप्रिल उजाडला की सेतूत जा. तिथे नमुना राज्याचाच मागा. केंद्राच्या नमुन्यातला दाखला घेऊन आलेली मुलं मी दरवर्षी परत जाताना बघतो. दोन्ही नमुन्यांवर आठ लाखांचीच मर्यादा असते, त्यामुळे कागद हातात घेऊन फरक कळत नाही.

दुसरी फसगत अधिवासाची. दहावी-बारावी महाराष्ट्रात झाली आणि जन्मही महाराष्ट्रातला असेल, तर लिव्हिंगवरच्या, म्हणजे शाळा-कॉलेज सोडल्याच्या दाखल्यावरच्या, जन्मस्थानावर काम भागतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं! आमच्या भागात कित्येक आया विजापूर, इंडी, कलबुर्गीच्या. मुलगा इथे वाढला, इथे शिकला, आणि लिव्हिंगवर जन्मस्थान कर्नाटकातलं. त्याला अधिवास प्रमाणपत्र काढावंच लागतं, आणि हे त्याला कागद तपासायच्या दिवशी कळतं. आजच लिव्हिंग काढून ती ओळ वाचा. तीच ओळ वाचताना नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव आणि आधार जुळतं का तेही बघा. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'भारतीय' लिहिलेलं असलं तर वेगळा दाखला लागत नाही. सीमाभागात दहावी-बारावी झालेल्या मराठी मुलांसाठी उमेदवारीचा स्वतंत्र प्रकार आहे. तो अर्जात स्वतः निवडावा लागतो, आपोआप येत नाही.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की हरकतीला मोजके दिवस मिळतात. यादीत फक्त क्रमांक बघू नका. प्रवर्ग, उमेदवारीचा प्रकार, गुण असा एकेक रकाना तपासा. अंतिम यादीनंतर कुणी ऐकत नाही, आणि त्यात टेबलावरच्या माणसाचाही दोष नसतो.

कॉलेजांचे पर्याय भरताना मनातला क्रम लावा. मित्र कुठे जातोय त्यावर नाही. उपयोजित हवं की रंगकला, हे घरी भांडून आधी ठरवा. कॅपच्या बाहेरून, संस्थेच्या पातळीवर 'सीट देतो' म्हणणारे भेटले तर एवढंच विचारा, की शिष्यवृत्तीचं काय? मुलींची फीमाफी आणि महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीच्या बहुतेक योजना कॅपमधून झालेल्या प्रवेशालाच मिळतात.

आता मूळ लिव्हिंग. बीएफएचं नक्की नाही म्हणून मुलं जूनमध्ये बीएला नाव घालून ठेवतात. ते बरोबरच आहे, पण मूळ दाखला त्या कॉलेजात जमा होतो. मग कॅपमध्ये जागा लागते, हजर व्हायला दोन-तीन दिवस असतात, आणि इकडे "क्लार्क सोमवारी येतील" असं उत्तर मिळतं. नाव घालताना जमा कागदांची सही-शिक्क्याची पोच मागून घ्या आणि घरी लिव्हिंगच्या पाच-सहा साक्षांकित झेरॉक्स ठेवा. प्रवेश रद्द करायचा अर्ज आधीच लिहून दप्तरात ठेवा, फक्त तारखेची जागा कोरी सोडा. जागा लागली त्या दिवशी तारीख घालून आवक-जावक टेबलावर द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या आणि दाखला हातात पडेपर्यंत तिथल्या बाकावरून उठू नका.