कांद्याच्या मुळाला लावलेला लाल रंग

नाशिकमध्ये पेशीशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी कांदा विकत आणायची वेळ क्वचितच येते. निफाड, येवला, चांदवडकडच्या कुणा ना कुणा विद्यार्थ्याच्या घरी कांद्याची चाळ असतेच. पावसाळा सरताना चाळीतल्या उन्हाळ कांद्याला कोंब फुटू लागतात. बाजारात त्याला कुणी विचारत नाही, आम्हाला मात्र तोच हवा असतो. बुडखा खरवडून पाण्याला जेमतेम टेकेल असा ग्लासावर ठेवला की तीन-चार दिवसांत पांढरी मुळं सुटतात. सकाळी त्यांची दोन-तीन मिलिमीटरची टोकं कापायची, ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ठेवायची, मग ६० अंशांच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करायची, रंग द्यायचा आणि वर ठेवलेल्या पातळ काचेवर, म्हणजे कव्हरस्लिपवर, अंगठा दाबायचा. सूक्ष्मदर्शकात कांद्याची १६ गुणसूत्रं दिसतात, कुठे मधोमध रांगेत उभी, कुठे दोन टोकांकडे ओढली जाताना.

‘या प्रयोगात एकही प्राणी नाही,’ असं मी वर्गात बरीच वर्षं सांगत होते. पण तो लाल रंग असतो ॲसिटोकार्मिन, आणि कार्मिन मिळतं निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील किड्यांच्या वाळवलेल्या माद्यांपासून. मूळचं दगडफुलाच्या जातकुळीतल्या लायकेनपासून काढलेलं ऑर्सिन हेच काम तितक्याच चांगल्या रीतीने करतं.

आपल्याकडे प्रयोगशाळेतल्या प्राण्यांचा विषय बेडकापाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करायला सांगितलं आणि २०१४ मध्ये ते बंद करायच्या सूचना दिल्या. हे योग्यच झालं. पण तबकातला प्राणी गेला, तरी बाटलीतला राहिला.

प्रयोगशाळेत मानवी पेशी वाढवतात तो गुलाबी द्रव पाहा. मुलांना तो गुलाबीपणा रक्ताचा वाटतो. प्रत्यक्षात तो फिनॉल रेडचा, आम्लता दाखवणाऱ्या कृत्रिम रंगाचा असतो. रक्तातून आलेला भाग पिवळसर असल्याने डोळ्यांना जाणवतही नाही. ते असतं फीटल बोव्हाइन सीरम, साधारण १० टक्के. गाभण गाय कत्तलखान्यात कापली जाते, तेव्हा पोटातल्या वासराचं रक्त काढून, ते साकळू देऊन उरलेला द्रव म्हणजे हे सीरम मिळवतात. पेशी डिशपासून सुटाव्यात म्हणून वापरतात ते ट्रिप्सिनही बहुधा डुकराच्या स्वादुपिंडातलं असतं.

मला यात करुणेइतकाच विज्ञानाचाही प्रश्न दिसतो. सीरममध्ये नेमकं काय आणि किती आहे, हे दर खेपेच्या मालात बदलतं. मग पेशींमधला फरक आपल्या प्रयोगामुळे पडला की नव्या बाटलीमुळे? घटक मोजून बनवलेल्या सीरमविरहित माध्यमात ही शंका बरीच कमी होते. रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या प्लेटलेट्सचा अर्कही अनेक पेशींना चालतो. हे सोपं मात्र नाही. पेशींच्या प्रत्येक प्रकाराला वेगळी पाककृती लागते आणि त्यांना नव्या अन्नाची सवय हळूहळू लावावी लागते. विद्यार्थ्यांना हे कष्टही दिसायला हवेत.

असा बदल पूर्वीही झाला आहे. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू जिलेटिनवर वाढवत. ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून बनतं आणि उन्हाळ्यात पातळ होतं. १८८१च्या सुमारास तिथल्या संशोधक वॉल्थर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातलं समुद्रशेवाळाचं अगर सुचवलं. ते टिकलं, कारण ते जास्त चांगलं होतं.

आणि यीस्ट! नाशिकच्या वायनऱ्यांत द्राक्षरसाची वाईन करणारा हा जीव. पेशी विभाजनाचं घड्याळ कसं चालतं, हे लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी यीस्टमध्येच उलगडलं आणि २००१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. १९८७ मध्ये तर नर्स यांच्या प्रयोगशाळेत यीस्टचं बिघडलेलं जनुक माणसाच्या जनुकाने भरून काढलं आणि यीस्ट पुन्हा विभागू लागलं. आमच्याकडे मुलं बेकरीचं यीस्ट साखरपाण्यात भिजवतात आणि त्यात मिथिलिन ब्लूचा थेंब टाकतात. जिवंत पेशी रंग घालवून टाकते, मेलेली निळीच राहते. एखादं रसायन पेशीला किती घातक, याचा पहिला अंदाज एवढ्यावर येतो.

आता जर्नलमध्ये ‘साहित्य’च्या शेजारी आम्ही एक रकाना वाढवला आहे, ‘कुठून आलं?’ एका मुलीने यीस्टच्या खाद्यातल्या पेप्टोनपुढे, म्हणजे अर्धवट पचवलेल्या प्रथिनांच्या भुकटीपुढे, प्रश्नचिन्ह काढलं. बाटलीवरचं लेबल वाचलं, तर ते दुधातल्या केसीनचं निघालं. पुढच्या खेपेला सोयाबीनचं मागवलं आहे.