डेंग्यूच्या विषाणूची शेपटी

पावसाळा सरत आला की ‘डेंग्यूच्या विषाणूने रूप बदलले’ अशी बातमी कुठे ना कुठे येतेच. पुढे वाचावं तर त्यात फक्त ‘डेन-2’ सापडल्याचा उल्लेख असतो. डेन-2 जुनाच आहे. डेंग्यूच्या विषाणूचे चार सिरोटाइप, म्हणजे डेन-1 ते डेन-4 हे उपप्रकार, एकमेकांपासून कधीच फारकत घेऊन बसले आहेत, त्यांच्या प्रथिनांत साधारण 30 ते 35 टक्के फरक आहे. गेल्या वर्षी गावात डेन-1 होता आणि यंदा डेन-2 आला, तर आजार विषाणूत एकही नवा बदल न होता गंभीर होऊ शकतो. पहिल्या वेळच्या अँटिबॉडी दुसऱ्या सिरोटाइपला अर्धवट चिकटतात, त्याला निकामी करत नाहीत आणि उलट पेशीत शिरायला मदत करतात.

मग विषाणू बदलत नाही का? सतत बदलतो. त्याचा जीनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, हा सुमारे 10,700 अक्षरांचा एकेरी आरएनए. त्याच्या प्रती काढणारं एनएस5 हे प्रथिन काढलेली प्रत तपासत नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक प्रतीत एखादी चूक राहून जाते. तरीही एका वंशावळीत वर्षाला टिकून राहतात ते जेमतेम 7 ते 10 बदल. कारण विषाणूला आळीपाळीने माणसात आणि एडिस डासात वाढावं लागतं. एकीकडे उपयोगी पडणारा बदल दुसरीकडे नडतो आणि गाळला जातो.

या कोंडीतून वाट काढली आहे ती आरएनएच्या शेवटच्या सुमारे 450 अक्षरांनी. या शेपटीतून एकही प्रथिन तयार होत नाही, म्हणून बरीच वर्षं तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. आपल्या पेशीत एक्सआरएन1 नावाचा विकर असतो. नको असलेला आरएनए पहिल्या टोकापासून एकेक अक्षर कुरतडत शेवटपर्यंत संपवणं हे त्याचं काम. डेंग्यूचा आरएनए हाती लागला की तो दहा हजारांवर अक्षरं खातो आणि शेपटीच्या तोंडाशी अडकतो. तिथे आरएनए असा दुमडलेला असतो की धाग्याची अलीकडची बाजू त्याच धाग्याच्या एका कड्यातून ओवली जाते. अलीकडून खात येणाऱ्या विकराला हे कडं ओलांडता येत नाही. पलीकडून प्रत काढत येणारं एनएस5 मात्र तीच गाठ सहज उलगडत जातं. म्हणजे अडवणूक एकाच दिशेची! विकराच्या तावडीतून उरलेला तुकडा, म्हणजे एसएफआरएनए, पेशीत साठत जातो आणि धोक्याची सूचना देणाऱ्या प्रथिनांना अडकवून ठेवतो.

डेन-2 मध्ये अशा दोन गाठी लागोपाठ आहेत, जवळपास एकीची नक्कल दुसरी. ब्युनोस आयर्सच्या लेलॉयर संस्थेतल्या आंद्रेआ गामारनिक यांच्या गटाने 2015 मध्ये दाखवलं की विषाणू डासात वाढताना दुसऱ्या गाठीत बदल साचतात, ती मोडते आणि डासात त्याचा फायदाच होतो. माणसाच्या पेशीत मात्र मोडक्या गाठीचे विषाणू मागे पडतात आणि अखंड गाठीचे पुढे येतात. घरात एकच विळी असेल तर तिच्यावर प्रयोग करता येत नाहीत. दोन असल्या की एकीला खोबरं खवायचं पातं बसवून बघता येतं. दुसरी गाठ ही ती जास्तीची विळी.

याचे परिणाम प्रयोगशाळेबाहेरही दिसले. 1994 मध्ये प्वेर्तो रिकोत डेन-2 ची एक नवी शाखा आली आणि तिने जुनीला मागे टाकलं. 2015 मधल्या अभ्यासात कारण सापडलं ते शेपटीतल्या मोजक्या बदलांत. नव्या शाखेत एसएफआरएनएचं प्रमाण जास्त होतं. तो ट्रिम25 या प्रथिनाला चिकटायचा, आणि त्यामुळे पेशीचा इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूविरुद्ध सावध करणाऱ्या प्रथिनाचा, इशारा मंद व्हायचा.

डेंग्यूत प्लेटलेट वाढाव्यात म्हणून पपईच्या पानांचा रस देतात, त्याबद्दलही इथेच सांगायला हवं. ताप उतरल्यानंतर काही दिवसांत प्लेटलेट बहुतेकांच्या आपोआप वाढतात आणि श्रेय रसाला जातं. खरा धोका ताप उतरतानाच्या 24 ते 48 तासांत असतो, रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.

आपल्याकडचा विषाणू ओळखायचा तर रक्तातलं विषाणूचं एनएस1 प्रथिन शोधणारी चाचणी पुरत नाही. ती फक्त डेंग्यू आहे एवढंच सांगते. सिरोटाइपसाठी आरटी-पीसीआर लागते आणि तिच्यासाठी रक्त तापाच्या पहिल्या पाच दिवसांतलं हवं. उशिरा घेतलेल्या नमुन्यात बहुतेकदा विषाणूच उरत नाही. सिरोटाइपच्या आतली शाखा, म्हणजे जीनोटाइप, ठरवायला डेन-2 च्या ई जनुकाची (विषाणूच्या बाहेरच्या आवरणाच्या प्रथिनाचं जनुक) 1,485 अक्षरं वाचतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने जुने नमुने असे वाचले तेव्हा कळलं की भारतातला जुना डेन-2 ‘अमेरिकन’ जीनोटाइपचा होता आणि 1970 नंतर त्याची जागा ‘कॉस्मोपॉलिटन’ने घेतली. पण खर्च वाचवण्यासाठी पुष्कळदा जीनोमच्या सुरुवातीचा सुमारे 500 अक्षरांचा तुकडाच वाचला जातो. शेपटी तिथून 9,000 हून जास्त अक्षरं दूर असते, त्यामुळे तिच्यातला बदल अशा नोंदीत येतच नाही.